मामांचं मीठ

आमच्या घरी मटण भाजताना मीठ शेवटी पडायचं, आणि तेही मामांच्याच हातचं. मामा म्हणजे माझे सासरे. कच्च्या मटणाला मीठ लावलं की ते पाणी सोडतं आणि भाजल्यावर चामडं होतं, असं ते सांगायचे. दौलताबादकडे शेती करत होते तेव्हा आसपासच्या गावांत कुणाच्या नवसाची कंदुरी, म्हणजे बकरं कापून गावजेवण, असली की निखाऱ्यांवर काळीज भाजायला त्यांनाच बोलावणं यायचं. गुडघे गेले आणि ते हर्सूलला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. इथं त्यांना कुणी काही विचारत नाही, भाजीवालासुद्धा भाव मलाच सांगतो. फक्त एखाद्या रविवारी गच्चीवर शेगडी पेटली की सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

मी वाळूजला एका कंपनीत नमुने तपासते. ‘हे असंच असतं’ असं कुणी म्हटलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. मामांना बाभळीचाच कोळसा लागायचा, म्हणून एकदा मी गुपचूप दुकानातला कोळसा पेटवला. कुणाला फरक कळला नाही. सांगितल्यावर मामा म्हणाले, दुकानदारानं चुकून बाभळीचाच दिला असेल. सगळे हसले. मला तिथंच थांबता आलं असतं.

पण मिठाचं माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या खेपेला नणंद आणि नंदावे जेवायला होते. अर्ध्या मटणाला मी आदल्या संध्याकाळीच मीठ चोळून ठेवलं. ते दुसऱ्या शेगडीवर मी भाजलं, उरलेलं मामांनी त्यांच्या रीतीनं. मग दोन्ही ताटल्या त्यांच्यापुढं ठेवल्या आणि विचारलं, तुमच्या हातचं कोणतं, ओळखा. त्यांनी दोन्हींतले तुकडे सावकाश चावून खाल्ले आणि माझी ताटली पुढं सरकवली. म्हणाले, हे माझं, लई मऊ झालंय.

मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नंदावे मांडी थोपटून हसले. मामाही हसले. उपरण्याला हात पुसत म्हणाले, “व्हय का? मग बरंच हाय की.” मी जिंकले होते आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता.

त्यानंतर शेगडी पेटली तेव्हा मामा वर आलेच नाहीत. टीव्हीसमोर बसून राहिले. बोलवायला गेले तर म्हणाले, तुला येतंय की आता, माझं काय काम तिथं. मटण छान झालं होतं. पण सळई कधी उतरते म्हणून कुणी ताटकळलं नाही, जो तो मोबाइलमध्ये बघत जेवला. ज्या एका गोष्टीसाठी या घरात त्यांना हाक मारली जायची, ती मी एका संध्याकाळच्या हौसेपायी काढून घेतली होती. मऊ मटणावाचून आमचं काही अडलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी मटणाला मीठ लावलंच नाही. खाली जाऊन म्हटलं, मामा, मला जमत नाही, मीठ तुम्हीच घाला. कठड्याला धरत, एकेका पायरीवर थांबत ते गच्चीवर आले. कच्चा तुकडा बोटांनी दाबून पाहिला.

“मीठ नाय लावलं?”

विसरले, मी म्हटलं.

“तू इसरणारी नायस, पोरी. माझ्यापायी पोरांचं खाणं नको बिघडवू.”

त्यांनी मिठाची बरणी मागून घेतली, मूठभर मीठ काढलं आणि कच्च्या मटणाला चोळायला लागले, मी लावते तसंच. थोडं चोळून झाल्यावर हात थांबवला आणि माझ्याकडे वर बघून विचारलं,

“एवढं बास का?”

मी हो म्हणेपर्यंत ते तसेच थांबून राहिले.