धबधब्यापर्यंत तोंड मिटून

व्रतांविरुद्ध मी पुष्कळ लिहिले आहे आणि पुढेही लिहिणार आहे. त्यातले एक अक्षर मागे घ्यायचे नाही. पण एका व्रताचे माझ्यावर उपकार आहेत, आणि उपकार झाकून ठेवणे हाही खोटेपणाच, म्हणून हे लिहिते.

माझे वडील पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवीत. मला पहिली अक्षरे दिसली ती शिशाच्या खिळ्यांवर, उलटी. सुधारणेची पत्रके छापायला येत, त्यांची कच्ची मुद्रिते मी तपासायची. त्यामुळे माझे बोलणेही छापल्यासारखे झाले होते. भाजीत मीठ कमी पडले तरी 'हा अन्याय आहे' अशी माझी सुरुवात. लग्नाचे वय लोकांच्या हिशोबाने केव्हाच उलटून गेले होते आणि वडिलांना त्याची घाई नव्हती, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

माझी आत्या घाटाखाली, खोपोलीच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. श्रावणात मी तिच्याकडे गेले. कर्जतला गाडी बदलली, खोपोलीला उतरले आणि भाताच्या बांधांवरून चालत घर गाठले. आत्या दारातच उभी होती. मी अगदी जवळ जाईपर्यंत तिने मला ओळखले नाही. उजवा डोळा एका फिरत्या वैदूने सुई घालून बरा करतो म्हणत कायमचा घालवला होता. डाव्यात आता तसाच मोतीबिंदू उतरत होता, आणि डाव्याला ती कोणाला हात लावू देईना.

त्यांच्या खळ्यावरून समोरचा डोंगर दिसे आणि डोंगराच्या कुशीत धबधबा. लांबून तो वाळत टाकलेल्या धोतराच्या पिळ्याएवढा. त्याचेच पाणी वहाळातून घराच्या मागे येई. आत्या त्यात धुणी धुवी, भांडी घाशी.

"मला आता तो पिळा दिसत नाय," आत्या मला हळूच म्हणाली. "जागा ठावी हाय म्हणून तिकडं बघते. पुढच्या पावसाला तेवढंबी उरायचं नाय. लगीन होऊन आल्यापासून ती धार रोज माझ्या दारात येते गं, मी एकदाबी तिच्याकडं गेले नाय."

का गेली नव्हती? कारण डोंगराला जायचे ते मोळी आणायला नाही तर शेतात राब भाजायला पाला आणायला, तेही पायथ्यापर्यंतच. रिकाम्या हाताने जाऊन रिकाम्या हाताने परत यायचे, असे त्या गावातल्या बाईने कधी केले नव्हते. मला हे ऐकूनच संताप आला. त्याच संध्याकाळी, सगळे जेवत असताना, मी सरळ सांगून टाकले. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. म्हटले, "मामा, आत्याला धबधबा बघायचा आहे. उद्या मी तिला घेऊन जाते."

मामांचा घास हातातच राहिला. "बघायचा? कशापायी?"

"बघण्यासाठीच."

"पानी हाय ते. हितं मागं वहाळात तेच पानी हाय. बघा की हवं तेवढं."

आत्याची थोरली जाऊ वाढत होती. घरात तिचा शब्द मामांच्याही वर चाले. ती म्हणाली, "खंडाळ्याला साहेबाच्या मडमा छत्र्या घेऊन जातात म्हनं झरे बघाया. आता आमच्या घरातबी मडम आली."

झाले. मी पाटावरच भाषण सुरू केले. स्त्रीचे स्वातंत्र्य, मनुष्यमात्राचा हक्क, रूढीच्या बेड्या. शेवटी विचारले, "स्त्री म्हणजे काय तुमच्या गोठ्यातले जनावर आहे?"

"जनावर जातंच की रोज डोंगराला," थोरली शांतपणे म्हणाली आणि माझ्या पानात आमटी वाढली.

माझ्या बाजूचा इतका चांगला पुरावा मला कोणत्याही पत्रकात सापडला नसता. पण मामा ताटावरून उठले होते. "कोनी कुठं जायचं नाय," एवढे बोलून ते ओटीवर गेले. आत्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिच्यासाठी मी खरे बोलले होते, आणि तिची एकुलती एक संधी घालवून बसले होते.

सकाळी मी चुलीपाशी गेले तर घरातले वारे फिरलेले. रात्री आत्याच्या स्वप्नात धबधब्याखालच्या साती आसरा आल्या होत्या. पाण्याच्या या देवींचे ठाणे तिथे आहे, हे सगळ्यांना माहीत. खण-नारळ घेऊन ये म्हणाल्या. अनवाणी ये, उपाशी ये. आणि संगे पुण्याची भाची आण. तिने उंबऱ्यापासून डोक्यावर पाणी पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोलली तर तिथूनच मागे फिरायचे.

मामांनी ऐकता ऐकता दोनदा हात जोडले. थोरली मात्र माझ्याकडे बघत होती. "मी येते संगती," ती म्हणाली. "ही तोंड मिटते कशी ते मला बघायचं हाय."

मी आत्याला गोठ्याच्या आड ओढले. "आत्या, हे धडधडीत खोटे आहे!"

"हाय."

"देवीच्या नावावर?"

"तुझं खरं काल ऐकलं की समद्यांनी. काय झालं?"

"आणि माझे तोंड कशाला बांधलेस?"

"तू बोललीस तर आपन वेशीपर्यंतबी पोचायचो नाय गं," आत्या म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवून नारळ शोधायला गेली.

अशी आमची यात्रा निघाली. पुढे घोंगडी पांघरलेले मामा, मागे आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून, आणि माझ्या कानाशी थोरली. पाऊस भुरभुरत होता. बांधाला तेरडा फुलला होता. घाटातून मालगाडी चढत होती, तिच्या इंजिनांची धाप इथपर्यंत ऐकू येई. हे सगळे मला चांगले आठवते, कारण ऐकण्याशिवाय मला काही कामच नव्हते.

"पुन्याची साळुंकी मुकी झाली गं बाय," थोरलीने सुरुवात केली. "किती वय म्हनायचं हिचं? आमच्यात या वयाला एक कडेवर, एक पोटात."

मी ओठ आवळले.

"शाळंत काय शिकवतात म्हनं, नवऱ्याला नावानं हाका मारायला? आनि हिच्या नवऱ्याच्या नावाचा पत्ताच नाय. मग हाक कुनाला मारतीस?"

माझ्या घशाशी पूर्ण परिच्छेद आला होता. मी तो गिळला.

"वैनी, नका तिला छळू," मामा पुढून म्हणाले. "हसली बिसली तर मोडंल ना व्रत?"

"हसलं तर चालतं का गं?" थोरलीने आत्याला विचारले.

"बोलायचं नाय म्हनाल्या," आत्या म्हणाली. "हसायचं काय बोलल्या नायत."

शेते संपली. जिथे डोंगराची पायवाट रानात शिरते तिथे एक शेंदूर फासलेला दगड आहे, वाघदेवाचा. जाणारा-येणारा त्याला पान-फूल वाहतो. त्या दिवशी दगडाशेजारी, पळसाच्या पानांच्या आडोशाला, जंगलखात्याचा शिपाई विडी ओढत बसला होता. पट्टा पाहताच मामांनी घोंगडी डोक्यावरून खाली घेतली.

"कुठं?" शिपायाने विचारले.

"आसरांच्या पाया पडाया, रावसाहेब."

"रान बंद हाय. पास दाखवा."

मामांपाशी पास कुठला? शिपायाने आमच्याकडे पाहिले. थोरलीच्या कमरेला कोयता होता, नारळ फोडायला घेतलेला. "देव म्हनायचं आनि पाला तोडायचा. ही कोन? ए पोरी, कुठली गं तू?"

मी त्याच्याकडे नुसती पाहत राहिले.

"मुकी हाय का?"

आता ऐका माझी दशा. जंगलाच्या कायद्याविषयीचे एक पत्रक आमच्याच छापखान्यात निघाले होते. मुद्रिते मी तपासली होती. देवाला जाणाऱ्या माणसाला त्या वाटेने अडवता येत नाही, हे मला ओळीच्या ओळी पाठ होते. तोंड उघडले तर थोरली तिथून माघारी वळवणार. न उघडले तर हा पट्टेवाला वळवणार. मामा तर वळलेच होते. "चला," ते पुटपुटले, "पुढल्या सालाला येऊ." माझ्या खांद्यावरचा आत्याचा हात गळून पडला. तिच्या पुढल्या सालाला काय असणार होते ते तिला आणि मला ठाऊक होते.

मी श्वास घेतला. ओठ उघडलेही असतील.

"गप!" थोरली ओरडली. मला. मग तिने मला मागे लोटले आणि शिपायापुढे जाऊन उभी राहिली. "तू रं कोनाचा? या पोरीला मी घरापासून सुया टोचत आले. हिच्या बापाला बोलले, हिच्या लग्नाला बोलले. जिची जीभ झोपेतबी थांबत नाय ती पोर देवीपायी दगडावानी गप चालली. आनि आता तुझ्या विडीपायी हिचं व्रत मोडू? रान सरकारचं असंल. पानी आसरांचं हाय. हा घे कोयता, ठेव तुझ्यापाशी. नारळ आमी दगडावर फोडू. पाला तोडलेला दिसला तर मला धर, माझं घर हितून दिसतंय."

तिने खरेच कोयता काढून त्याच्या पायाशी टाकला. शिपायाने कोयत्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि विडी विझवली. हा काही वाईट माणूस नव्हता. कुठल्यातरी गावचा, कोणाचा तरी मुलगा. "माझ्या नावानं बी फूल वाहा," तो म्हणाला आणि त्याने वाटेतून पाय काढून घेतले.

माझी पत्रके लोक वाचून दुमडून ठेवतात. भाषणाने रस्ता उघडलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि ते भाषण मी केले नव्हते. ज्या बाईला मी वाटभर मनातल्या मनात फाडून खात होते तिने ते माझ्यासाठी केले होते. मला तिचे पाय धरावेसे वाटले. पण वर चढ होता आणि ती आमच्या आधीच चढू लागली होती.

वाट निसरडी होती. आत्याला आम्ही दोघींनी मधे धरले, एकीने हाताला, एकीने कमरेला. आधी कानात घोंगावणे आले, मग तोंडावर तुषार, आणि एका वळणानंतर धबधबा समोरच उभा. खळ्यावरून पाहिलेल्या पिळ्याचा आणि याचा काही संबंध लागेना. एवढे पाणी एका जागी पडते आणि संपत नाही, हे मला खरेच वाटेना.

खण-नारळ वाहून झाले. शिपायाचे फूलही वाहिले. मग थोरलीने मला मानेला धरून कडेच्या धारेखाली नेले. डोक्यावर पाणी पडले, व्रत सुटले, आणि सकाळपासून साठलेले सगळे मी सोडून दिले. लग्नाचे वय, शाळा, नवऱ्याचे नाव, एकेका टोमण्याचे उत्तर क्रमाने, थोरलीच्या तोंडावर, ओरडून. पाण्याच्या आवाजात माझे मलाच ऐकू येत नव्हते. मी स्तोत्र म्हणते आहे असे समजून थोरलीने डोळे मिटले आणि भक्तिभावाने हात जोडले.

ते जोडलेले हात पाहिले आणि माझी उत्तरे तिथेच संपली. मीही हात जोडले. आसरांना नाही, त्यांना मी मानत नाही. समोर उभी होती तिला.

आत्या खडकावर उभी होती, पदर डोक्यावरून घसरलेला. घसरला ते तिला कळले होते, आणि तिने तो सावरला नाही. मी जवळ जाऊन कानात विचारले, "दिसते?"

"मोठी हाय," ती म्हणाली. "समदीकडंच हाय. पांढरी हाय तीच ना?"

"तीच."

"मग दिसते." बराच वेळ तिने मान खाली आणली नाही. मग एकदम वाकली. "आगं, ही बघ चिंबोरी!" तिच्या पायाशी खडकाच्या फटीत चांगला तळव्याएवढा खेकडा होता, आणि जिला मी दारात दिसले नव्हते तिने तो हेरला होता. क्षणात पकडून पदरात घेतलाही.

"अगं शिरावन हाय!" थोरली किंचाळली. "देवीच्या दारात! सोड आधी!"

आत्याने तो नाखुशीने सोडला. "केवढी गलेलठ्ठ होती," परत येताना ती दोनदा म्हणाली.

निघायची वेळ झाली तर मामा कुठे दिसेनात. शोधले तर एका दगडावर बसले होते, घोंगडी बाजूला, नखशिखांत भिजलेले, वर बघत. "चला," थोरली म्हणाली, "पानीच हाय ते."

"थांबा की जरा," मामा म्हणाले. "कशाची घाई हाय?"

पुढल्या पावसाला आत्याचा डावा डोळा पुरता मिटला. त्या श्रावणात थोरलीने स्वतः व्रत घेतले. उंबऱ्यापासून धबधब्यापर्यंत मुक्याने, आत्याचा हात धरून. घराला एक दिवस शांतता मिळाली म्हणून मामांनी आसरांना वेगळा नारळ पाठवला. मग शेजारणी निघाल्या, मग पलीकडच्या वाडीच्या सुना. आता पुण्यातले माझे स्नेही मला विचारतात, तुमच्या आत्याच्या मुलखात मुक्या बायकांचे नवीनच व्रत निघाले आहे म्हणतात, त्यावर तुमची लेखणी कशी चालत नाही? मी सांगते, आधी जुनी सगळी संपू द्या.

मागल्या श्रावणात मी गेले तेव्हा आत्या वहाळावर भांडी घासत होती. रात्री डोंगरावर जोराचा पाऊस झाला होता आणि पाणी गढूळ, भरभरून येत होते. माझी पावले तिने ओळखली. तवा बाजूला ठेवून हात पाण्यात बुडवला आणि म्हणाली, "ये, बस. आत्ताच आली बघ ती. आज लई रागात हाय. तुझ्यावानी."

मी तिच्या शेजारी बसले आणि काही बोलले नाही.