अंतरपाटापाशी बंद पडणारं मशीन

रुपाली कॉम्प्युटरला हात लावायची तो उलट्या बोटांनी. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तसा. आणि मग पत्र्याच्या भिंतीतून शेजारच्या गाळ्यात हाक जायची.

"मोने, आज पण फणफणलंय गं!"

पलीकडे मोनिकाचं ब्यूटी पार्लर. गिऱ्हाइकाच्या भुवयांवरचा दोरा न थांबवता ती ओरडायची, "आण इकडं! मुलतानी माती लावते, गार पडंल!"

पाथर्डीच्या बाजारपेठेमागे पत्र्याच्या गाळ्यांची एक रांग आहे, तिच्यात रुपालीचं मिक्सिंगचं दुकान. लग्नाचं शूटिंग करणारे कॅमेऱ्याचं कार्ड आणून देतात, रुपाली त्यातून लग्न बनवते. कुठल्या गावात नवरदेवाचा मामा कशावरून रुसला, हे तिला जेवढं ठाऊक तेवढं मामीला नाही. कारण तो रुसवा कापून तिथं फुलांचा वर्षाव टाकायचं काम तिचंच.

हे सगळं तिला शिकवलं कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या मच्छिंद्र सरांनी. बारावी झाल्यावर वडील म्हणाले होते, शिवणक्लास लाव. तेव्हा सर स्वतः घरी येऊन ओट्यावर बसले. म्हणाले, "अण्णा, पोरीचा हात मशीनवर बसतो. मला द्या सहा महिने." सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. पुढे तिनं स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा मशीनही सरांनीच जोडून दिलं, तिला समोर बसवून, एकेक पार्ट हातात देत.

"हा प्रोसेसर. मशीनचं डोकं. चालायला लागला की तापणार. डोक्यावर गार काय ठेवशील?"

"कूलर, सर."

"कसला?"

तिनं चार तांब्याच्या नळ्यांचा, पातळ पत्र्यांची उभी चळत असलेला, वीतभर उंच कूलर निवडला. सर हसले. "शाब्बास. मशीन खोटं बोलत नाही, रुपाली. आपण त्याच्याशी खोटं बोलायचं नाही." हे वाक्य तिनं मोठ्या अक्षरात छापून भिंतीला चिकटवलं होतं.

यंदाच्या दसऱ्याला तिनं मशीनची पूजा केली. दरवर्षी लोक कॅबिनेटला बाहेरून हळद-कुंकू लावतात. रुपालीनं बाजूचं झाकण काढलं आणि कूलरच्या वरच्या पत्र्याला कुंकवाचं बोट लावलं. "राबतो हा, आन् टिळा डब्ब्याला कशाला?" असं तिचं म्हणणं. झेंडूची एक पाकळी पत्र्यांच्या फटीत खोचली. आठवड्यानं सर आले. "दिवाळीच्या आधी साफसफाई करून देतो, दे मशीन." दोन दिवसांनी मशीन परत आलं, झाकणाच्या स्क्रूवर सरांच्या दुकानाचं स्टिकर चिकटवून.

"हे फाडू नको हं. फाडलंस तर माझी गॅरंटी गेली."

"मी कशाला फाडीन, सर?"

दुसऱ्या दिवसापासून मशीन बंद पडायला लागलं.

आणि बंद पडायचं तेही नेमक्या एका जागी. गोजरबाईंच्या लेकीच्या लग्नात, मंगलाष्टकं संपून अंतरपाट बाजूला होतो, तिथं. त्या जागी रुपालीनं अक्षता एकदम सावकाश पडताना दाखवल्या होत्या. दाणा न् दाणा वेगळा. मशीनला सगळ्यात जास्त राबावं लागायचं ते तिथंच. तापमान दाखवणारा आकडा नव्वदच्या पुढे जायचा, शंभराला टेकायचा, आणि पडदा काळा.

गोजरबाई रोज यायच्या. तिसगावच्या बाजूच्या वस्तीवरच्या. दरवर्षी नवरा-बायको ऊसतोडीला जातात, सहा महिने कारखान्याच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत. यंदा त्यांची टोळी शनिवारी पाच वाजता निघणार होती.

"झालं का गं माझ्या राजेश्वरीचं लगीन?"

"मावशी, अजून दोन दिवस."

"शूटिंगवाल्यानं कारड द्यायलाच पोळा आणला. आता तू पन दोन दिवस दोन दिवस." गोजरबाई उंबऱ्यावर टेकल्या. "कोपीत लाईट नसतीया, पर मुकादमाकडं मोबाईल चारजिंग हुतो. तेवढं कारडात घालून दे म्हंजी झालं."

"मावशी, तोवर मंडपातलं जेवण तरी बघता का? तेवढं झालंय."

"जेवान म्या रांधलंय, ते काय बघू? मला अक्षता बघायच्यात. लेकीची आई अक्षता टाकीत न्हाई, ठाव हाय ना तुला? समदं गाव मांडवात, आन् मी घरामागं तुळशीला पानी घालीत हुते. नुसतं 'शुभमंगल सावधान' आयकू आलं, आन् वाजंत्री. माझ्या लेकीचं लगीन समद्यांनी बघितलं. म्याच न्हाई."

रुपालीनं कॅबिनेटला उलटी बोटं लावली.

तिनं काय काय केलं नाही! कॅबिनेट जमिनीवरून उचलून चार विटांवर ठेवलं, खालून हवा लागावी म्हणून. मागचं तोंड भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. टेबलफॅन लावला. सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग कमी केला, तर लग्न इतकं हळू पुढे सरकायला लागलं की मोनिका म्हणाली, "एवढ्या वेळात नवरी बाळंत व्हईल." आणि तरी अंतरपाटापाशी आकडा शंभरावर जायचाच.

तिसऱ्या दिवशी सरांना फोन केला. सर आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला. तिच्यासारखाच उलटा हात कॅबिनेटला लावला. तो हात तिनं त्यांच्याकडूनच तर उचलला होता.

"ऑक्टोबर हीट, रुपाली. वर पत्रा. मशीन तरी काय करणार?"

"पण सर, उन्हाळ्यात मेमध्ये चाललं की. तेव्हा सत्तरच्या वर जात नव्हतं."

"तेव्हा नवं होतं. कूलरखालची पेस्ट वगैरे मी बदललीये, आतून एकदम चकाचक आहे. आता तू वॉटर कूलिंग घे. पाण्यानं गार करणारं. माझ्याकडे आलंय एक."

मोनिका दारातून डोकावली. "सर, पाथर्डीत माणसाला चार दिवसाआड पाणी. आन् तुमी कॉम्प्युटरला पाजणार?"

सर खो खो हसले. रुपालीही हसली. जाताना सरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "विचार करून सांग."

"झाकण काढून एकदा बघायचं का, सर? तुम्ही इथंच आहात तर..."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"तसं नाही, सर." तिची मान खाली गेली.

पुढे हे ती मला, तिच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला, सांगत होती तेव्हा मी विचारलं, अगं, तीन स्क्रू तर होते, उघडायचं होतंस! रुपाली म्हणाली, "सरांनी बंद केलेलं आपण कसं उघडायचं? मी त्यांच्याकडे शिकायला होते तेव्हापासून तसंच आहे. सरांनी लावलेला स्क्रू आम्ही कुणी काढायचो नाही."

शुक्रवारी सकाळी गोजरबाई पुन्हा आल्या. उंबऱ्यावर बसून रुपालीकडे बघत राहिल्या. रुपाली ओल्या फडक्यानं कॅबिनेट पुसत होती.

"काय करतीस गं?"

"गार करतेय, मावशी. चालता चालता थांबतंय. तापतंय."

"आमचा ढवळ्या मागल्या साली आसाच मधीच बसायला लागला. ह्यांचं आपलं, ऊन लागलं, पानी मारा. मी म्हनलं, आदी जू काडून खांदा तर बघा! बघितलं, तर ही एवढी जखम." गोजरबाईंनी पंजा उघडून दाखवला. "तू ह्याचं जू काडलं का?"

रुपालीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिनं स्टिकरकडे बघितलं. मग नखानं ते फाडलं.

झाकण निघालं. आत वीतभर उंच काहीच नव्हतं.

प्रोसेसरवर तळहातापेक्षा लहान, चपटा, जुनाट पंखा बसवलेला होता. चार पायांपैकी एक पाय तुटका. त्यामुळे तो एका अंगाला कलून, नुसता टेकल्यासारखा बसलेला. उचलला तर सहज हातात आला. खाली लावलेली पेस्ट, जिनं प्रोसेसरची उष्णता कूलरमध्ये न्यायची, ती जुन्या चुन्यासारखी वाळून तडकलेली. अर्ध्या प्रोसेसरला तर काही टेकतच नव्हतं.

चकाचक, सर म्हणाले होते.

रुपालीनं त्या पंख्याकडे आणि रिकाम्या जागेकडे चारदा बघितलं. कुंकू कुठं दिसतंय का, खाली पडलं का, हेही बघितलं. मोनिका धावत आली. "चोरी झाली का गं?"

"सरांकडे बदलला गेला असंल. चुकून," रुपाली म्हणाली. "चुकून गेला असंल."

तो पंखा पिशवीत घालून ती सरांच्या दुकानात गेली. सर काउंटरवर एका नव्या मशीनची वायर बांधत होते. काचेचं कॅबिनेट, आत निळे-जांभळे दिवे. शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याचं. रुपालीनं पिशवी ठेवली. काचेतून तिला तिचा कूलर दिसला. वरच्या पत्र्यावर कुंकू, पुसायचा प्रयत्न केलेलं पण न पुसलं गेलेलं, फिकट बोट. आणि फटीत, निळ्या उजेडात काळी दिसणारी, वाळकी झेंडूची पाकळी.

"सर, हा माझा आहे."

सरांनी वर बघितलं. मग हसले.

"अगं, सांगणारच होतो. ह्यांची डिलिव्हरी अडकली, पार्सल आलं नाही. म्हटलं, रुपालीचं मशीन इथंच आहे, घरचंच आहे. दोन दिवसांत तुझं परत बसवून दिलं असतं."

"दहा दिवस झाले, सर."

"बोललो ना, वॉटर कूलिंग घे म्हणून. चांगलंच सुचवलं की."

"तुम्ही माझ्याकडे येऊन चहा प्यायलात. हात लावून म्हणालात, पत्रा. मी विटा लावल्या. ओलं फडकं लावलं. मी माझंच काहीतरी चुकतंय म्हणून..."

"रडतेस काय? अगं, लग्नाच्या क्यासेटींना कशाला लागतो एवढा कूलर? हॉटेलवाल्याचा चोवीस तास कॅमेरा चालणार त्याच्यावर. आणि हे बघ, तू आज जी आहेस ती कुणामुळे?"

"तुमच्यामुळे, सर."

"मग?"

"म्हणूनच तर मी झाकण उघडलं नाही."

सर वायर बांधायला लागले. "संध्याकाळी गाडी येतीये. आता काही काढता येणार नाही. सोमवारी ये, बघू."

सोमवारी गोजरबाई उसाच्या फडात असणार होत्या.

रुपालीनं हात पुढे केला. सरांना वाटलं, ती कूलर ओढते की काय, "अगं ए!" म्हणत ते उठले. तिनं चिमटीत धरून फक्त पाकळी काढली, रुमालाच्या टोकात बांधली आणि निघाली.

"भांडता आलं असतं," ती मला म्हणाली. "मोनी तर चप्पल घालून तयारच होती. पण भांडणात शनिवार गेला असता."

शनिवारी पहिल्या एसटीनं ती नगरला गेली. दुकानदारानं दिव्यांचा, पाण्याचा कूलर पुढे ठेवला. "म्याडम, सगळे हाच नेतात."

"ह्याचा पंप बंद पडला तर पाथर्डीत कोण दुरुस्त करणार?"

"बंद पडत नाही हो."

"असं मला ह्याआधी पण एकानं सांगितलंय. साधा उभा दाखवा. चार नळ्यांचा. पंखा वेगळा निघणारा पाहिजे, बिघडला तर मला बदलता आला पाहिजे. धूळ लई असते आमच्याकडे, पत्र्यांच्या फटी मोठ्या बघा, ब्रश गेला पाहिजे. आणि उंची मोजू द्या." तिनं पर्समधून शिंप्याची टेप काढली. कॅबिनेटची रुंदी ती दोऱ्यावर गाठ मारून घेऊन आली होती. दोन कूलर उंच निघाले. तिसरा गाठीच्या आत बसला. माझ्या बोर्डावर ह्याचा पकडायचा क्लॅम्प बसतो का, हे तिनं दोनदा विचारलं, आणि दुकानदार "बसतो" म्हणाला तरी खोक्यावरची यादी स्वतः वाचली.

साडेबाराला ती परत गाळ्यात. जुनी पेस्ट खरवडून पुसली, नवी हरभऱ्याच्या दाण्याएवढी लावली. चारही स्क्रू आधी थोडे थोडे, तिरप्या क्रमानं, मग घट्ट. सरांशिवाय बसवलेला हा तिचा पहिला कूलर. मोनिका बॅटरी धरून उभी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती.

मशीन सुरू झालं. लग्न सुरू झालं. हळद, वरात, मामाचा कापलेला रुसवा. अंतरपाट आला. अक्षता पडायला लागल्या. सत्तर. बहात्तर. अंतरपाट बाजूला झाला. एकाहत्तर.

"अंतरपाट फिटला!" मोनिका ओरडली, पार्लरमधलं गिऱ्हाईक अर्ध्या मेंदीनं पळत आलं.

साडेचारला ट्रक चौकात उभा होता, भांड्यांनी, गोधड्यांनी, कोंबड्यांनी भरलेला. गोजरबाई वर बसलेल्या. रुपालीनं त्यांच्याच मोबाईलमध्ये कार्ड घालून तो वर दिला आणि नेमकी ती जागा लावून दिली. गोजरबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून उन्हाची सावली केली आणि त्या सावलीत मोबाईल धरला. ट्रक हलला तरी त्यांनी मान वर केली नाही.

पाडव्याला सर फराळाचा डबा घेऊन आले. रुपालीनं खुर्ची दिली, चहा सांगितला. सर म्हणाले, हॉटेलवाल्यानं अजून एक मशीन सांगितलंय. म्हणाले, पोरगी हुशार निघाली. हे सगळं बोलताना ते भिंतीकडे बघत होते. भिंतीवरचं ते छापलेलं वाक्य जाग्यावर नव्हतं, चिकटपट्टीचे चार डाग होते.

मग त्यांचं लक्ष टेबलाखाली गेलं. कॅबिनेटची बाजू उघडी, नवा कूलर फिरताना दिसत होता. वरच्या पत्र्यावर कुंकू, आणि फटीत तीच जुनी पाकळी.

"झाकण कुठंय गं?"

"काढलं, सर."

"धूळ बसेल की."

"बसती. रोज सकाळी पुसते." तिनं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. "दिसती तरी."