यांच्या वतीने कोण बोललं

त्या दिवसांत मी देवाशी बोलणं सोडलं होतं. पूजा चुकत नव्हती; मल्लेश्वरमच्या आमच्या घरात दर गुरुवारी दत्ताच्या तसबिरीला हार चढत होता, निरांजन लागत होतं. पण हात जोडले की मनात शब्दच उमटत नसत. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूतलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दत्तमहाराजांना दोन्ही कळतात, असं सासूबाई म्हणायच्या. मनापासून हाक मारली तर ते कुठल्याही वेषात येतात, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले. यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजव्या अंगाबरोबर वाचाही गेली, तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून खूप हाका मारल्या. कोणी आलं नाही. मग मी हाक मारणंच थांबवलं.

पीण्या या बेंगळुरूच्या औद्योगिक भागात यांचा छोटा कारखाना होता. पंपांना लागणारे पितळी बुश आणि तसलेच बारीक सुटे भाग तिथल्या लेथवर तयार व्हायचे. ऑर्डर घेण्यापासून कर भरण्यापर्यंत सगळं हेच बघत. झटका आल्यावर शिवण्णा म्हणून यांचे जुने फोरमन होते, त्यांनी हातातल्या ऑर्डरी कशाबशा पुऱ्या केल्या, माल पाठवला आणि मग कारखान्याला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं, तो अध्याय संपला. पण पाठवलेल्या मालाचा जीएसटी भरायचा राहिला होता, रिटर्न भरली गेली नव्हती. त्याच्या नोटिसा यांच्या ईमेलवर येत राहिल्या. त्याचा पासवर्ड फक्त यांना ठाऊक, आणि यांच्याकडे सांगायला शब्द नव्हते. मला हे सगळं कळलं ते बँकेत. यांच्या फिजिओथेरपीसाठी पैसे काढायला गेले, तर काउंटरवरच्या मुलीने खालच्या आवाजात सांगितलं की कर खात्याने खातं गोठवलं आहे.

शेजारच्या एकांनी कर खात्याच्या वेबसाइटवरून त्यांच्या आदेशाची ऑर्डर उतरवून दिली. कर, त्यावर व्याज, आणि कराइतकाच दंड. आकडा आमच्या ऐपतीबाहेरचा होता हे खरंच. पण खरा घाव एका वाक्याचा होता. व्यापाऱ्याने जाणूनबुजून विक्री लपवली, असं त्यात लिहिलं होतं. ज्या माणसाने गिऱ्हाइकाकडून एक रुपया जादा आला तरी परत पाठवला, त्याच्याबद्दल. मी ती ऑर्डर यांना वाचून दाखवली. दाखवायला नको होती, असं नंतर वाटलं. यांनी तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, घशातून एक घोगरा आवाज निघाला आणि विरला. मग हे डाव्या हाताने चादर मुठीत धरून भिंतीकडे बघत राहिले.

मी ठरवलं, कारखान्यातली सगळी यंत्रं विकून हा विषय मिटवायचा. भंगाराच्या भावाने का होईना, घेणारा मिळाला होता. त्याने पीण्यातच भेटायला बोलावलं. दुपारची वेळ होती. यांच्यापाशी शिवण्णांना बसवलं, ऑर्डर आणि कारखान्याची कागदपत्रं पिशवीत घातली आणि कोपऱ्यावरून ऑटो धरली. पीण्या, एवढंच सांगून मागे टेकले. कित्येक रात्री झोप नव्हती. वाटेतलं यशवंतपूर यायच्या आधीच डोळा लागला असावा.

जाग आली ती ऑटो थांबल्यामुळे. आजूबाजूला पीण्याचा धूर नव्हता, लोखंडाचा आवाज नव्हता. जुनी झाडं, फुलांच्या टोपल्या, देवळातल्या घंटेचा आवाज. मला दोन क्षण काही उमगेना. मग पाटी वाचली. बसवनगुडी. शहराच्या बरोबर उलट्या टोकाला आलो होतो.

"अहो, मी पीण्या सांगितलं होतं ना?" मी कन्नडमध्ये ओरडलेच.

ड्रायव्हर मधल्या वयाचा, शांत चेहऱ्याचा माणूस होता. तो मागे वळला. "होय अम्मा, तुम्ही पीण्याच म्हणालात. पण मग सर हेळिदरल्ला, सरांनीच सांगितलं ना, बसवनगुडीला घ्या म्हणून."

"कुठले सर?"

"तुमच्या शेजारी बसले होते ते," तो सहज म्हणाला आणि माझ्या शेजारच्या जागेकडे पाहिलं. तिथे माझी पिशवी होती. त्याने आरशात पाहिलं, परत मागे वळून पाहिलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "सिग्नलला उतरले असतील," तो पुटपुटला. मी दिलेले पैसे त्याने मोजलेसुद्धा नाहीत. ऑटो निघून गेली आणि मी भर उन्हात अंगावर काटा घेऊन फुटपाथवर उभी राहिले. शेजारच्या सीटवर हात ठेवून मी खाली उतरले होते. ती जागा कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी कोमट लागली होती. ऊन आत येत असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

समोर एक जुनी दुमजली इमारत होती. वर जाणाऱ्या जिन्यापाशी कर सल्लागाराची पाटी. मी का चढले, हे मला आजही सांगता येणार नाही. परत ऑटो शोधायची ताकद नव्हती, एवढं मात्र आठवतं.

आत टेबलामागे साठीच्या एक बाई बसल्या होत्या. केस घट्ट बांधलेले, कॉटनची साडी, चष्मा कपाळावर. त्यांचं नाव वसुंधरा मॅडम. मी दारात उभी राहिले तर त्या म्हणाल्या, "बन्नी, या, बसा. मल्लेश्वरमहून ना? मी सकाळपासून वाट बघतेय."

मी बसले नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या यजमानांनी. काल फोन केला होता. माझी बायको येईल, तिला परत पाठवू नका, म्हणाले. पीण्यातला कारखाना म्हणाले. फार सावकाश बोलत होते, मागे यंत्राची घरघर होती, मला दोनदा विचारावं लागलं. एकच वाक्य परत परत सांगत होते. मी काही लपवलं नाही."

मी खुर्चीवर बसले. मी त्यांना सांगितलं की माझ्या यजमानांच्या तोंडून गेल्या कित्येक महिन्यांत एक शब्द निघालेला नाही. कारखान्याला कुलूप आहे, वीजही तोडली आहे. फोन धरायला यांचा हात वळत नाही.

वसुंधरा मॅडमनी टेबलावरच्या जुन्या लँडलाइनकडे पाहिलं, तो थोडा दूर सरकवला आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. "ते राहू दे," त्या म्हणाल्या. "ऑर्डर आणली आहे का?"

पुढचा तासभर त्या वाचत होत्या आणि मी पंख्याकडे बघत होते. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अपिलाची मुदत गेली आहे. पण उशीर माफ करायला जी थोडी सवलत असते, ती अजून आहे. पुढच्या आठवड्यात आला असतात तर मी काही करू शकले नसते." मग त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं समजावून सांगितलं. कर भरावाच लागेल, व्याजही भरावं लागेल, त्यातून कोणी सोडवणार नाही. पण एवढा मोठा दंड लागतो तो हेतूवर. तो हेतू वाईट नव्हता, हे आपण कागदांनी दाखवायचं. "माल गाडीत चढवताना तुमच्या फोरमनने सरकारच्याच वेबसाइटवर नोंद केली आहे. ज्याला लपवायचं आहे, तो स्वतःहून सरकारला कळवतो का? यंत्रं सगळी विकू नका. स्वल्प थांबा."

यंत्रं घेणाऱ्याला मी तिथूनच फोन करून नाही म्हणाले.

त्यानंतरचे दिवस कागदांचे होते. हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्याची तारीख, डॉक्टरांचं वाचा गेल्याचं प्रमाणपत्र, गिऱ्हाइकांची पत्रं. राहिलेली रिटर्नंही मॅडमनी भरून घेतली. अपिलाबरोबर कराचा काही भाग आधी भरावा लागतो, त्यासाठी मी माझ्या पाटल्या मोडल्या. तो भरला तसं खातं मोकळं झालं, यांची फिजिओथेरपी पुन्हा सुरू झाली. मॅडमनी त्या फोनचा विषय पुन्हा काढला नाही. एकदाच, मी निघताना त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी कोणाचा आवाज तुमच्या यजमानांसारखा आहे? भाऊ वगैरे?" यांना भाऊ नाही, हे मी सांगितलं. "सरी, ठीक आहे," म्हणाल्या आणि परत कामाला लागल्या.

सुनावणी व्हिडिओवर होती. यांना जिना चढवणं शक्य नव्हतं, म्हणून मॅडम लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आल्या. बाहेरच्या खोलीत, तसबिरीखाली, यांची चाकाची खुर्ची ठेवली. आभाळ भरून आलं होतं, दुपारीच दिवा लावावा लागला. पडद्यावरचे अधिकारी थकलेले, तुटक बोलणारे होते. मॅडमनी एकेक मुद्दा मांडला. मी यांच्या पाठीमागे उभी होते, यांच्या खांद्यावर माझा हात होता. मॅडम बोलून थांबल्या. अधिकारी खाली बघून लिहीत होते. खोलीत कोणी हललं नाही. मग त्यांनी मान वर केली आणि कान देऊन काहीतरी ऐकावं तसे ते पडद्याकडे झुकले. बराच वेळ तसेच राहिले.

"पुरे," ते हलकेच म्हणाले. "त्यांना त्रास होतोय. मला कळलं ते काय म्हणतात."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताखालचा खांदा हलला नव्हता. यांचे ओठ मिटलेले होते. मॅडम करड्या शिस्तीच्या. खोट्यावर गप्प बसणं त्यांना जमलं नाही. "सर," त्या म्हणाल्या, "माझे अशील बोलू शकत नाहीत. प्रमाणपत्र जोडलं आहे."

"आत्ता बोलले ना. मी काही लपवलं नाही, म्हणाले. दोनदा म्हणाले."

वाचा गेली हाच आमचा आधार, आणि तोच आता आमच्यावर उलटणार, असं वाटलं. अधिकाऱ्यांनी समोरचं प्रमाणपत्र उचललं, वाचलं, पुन्हा यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. यांच्या ओठाच्या उजव्या कडेवरून लाळ ओघळत होती. मी ती पदराने टिपली. ते सगळं त्यांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक भीती येऊन गेली, जी मी त्या ऑटोवाल्याच्या चेहऱ्यावर पाहिली होती. "लाइनमध्ये काहीतरी असेल," ते म्हणाले. "निर्णय कळवला जाईल." पडदा काळा झाला.

मॅडमनी लॅपटॉप मिटला. मी कॉफी केली. त्यांनी ती घोटाघोटाने संपवली, आणि जाताना, आयुष्यात पहिल्यांदाच असावं अशा अवघडलेपणाने, तसबिरीला नमस्कार केला.

निर्णय आमच्या बाजूने लागला. जाणूनबुजून लपवल्याचा ठपका काढून टाकला गेला, दंड एका लहानशा भागावर आला. कर आणि व्याज हप्त्यांनी भरायची परवानगी मॅडमनी मिळवली. त्यासाठी एक लेथ विकला. बाकीचे शिवण्णा आता भाड्याने चालवतात आणि कुलूप निघालं आहे. मी मॅडमना साडी घेऊन गेले तर त्या रागावल्या. "मी माझी फी घेतली आहे. बाकीचं ज्याने केलं त्याला द्या." ती साडी मी देवळात दिली. पण मॅडमचेही पाय मी मनातल्या मनात धरले आहेत. त्यांनी रात्रंदिवस कागद जुळवले नसते, तर नुसत्या हाकेने काय झालं असतं, मला माहीत नाही. कृपा कुठे संपते आणि माणसाचे कष्ट कुठे सुरू होतात, ती रेघ शोधायचं मी सोडून दिलं आहे.

हे अजून बोलत नाहीत. मानेने हो-नाही करतात, डाव्या हाताने खुणावतात. मला मात्र एक प्रश्न आत खात होता. एका संध्याकाळी दिवेलागणीला मी यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. सगळं पहिल्यापासून सांगितलं, ऑटोतलं, फोनवरचं, सुनावणीतलं. आणि विचारलं, "अहो, खरं सांगा. मनाने का होईना, ते तुम्हीच होतात का?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. फार दिवसांनी यांचे डोळे अगदी शांत होते. यांनी सावकाश मान हलवली. नाही.

"मग कोण?"

यांनी डावा हात उचलला. बोट माझ्याकडे नव्हतं, तसबिरीकडेही नव्हतं. तसबीर यांच्या पाठीशी होती. ते माझ्या खांद्यावरून मागे, दाराच्या दिशेने होतं, आणि यांची नजर तिथे कोणाच्या तरी चेहऱ्यावर स्थिर झाल्यासारखी होती. यांनी ओठ हलवून थोडं हसून पाहिलं, घरी आलेल्या माणसाला या म्हणावं तसं.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. वळून बघावं असं फार वाटलं. आयुष्यभर मी पुरावा मागत आले होते, आणि तो बहुधा माझ्या पाठीशी हातभर अंतरावर उभा होता. पण त्या क्षणी मला कळलं की बघितलं तर मी पुन्हा हिशेब करू लागेन, खरं की भास, कोण आणि का. मी हाक मारणं सोडल्यावरही जो आला, त्याला तपासणारी मी कोण?

मी वळले नाही. तशीच बसून राहिले, डोळे मिटले, हात जोडले. कित्येक महिन्यांनी माझ्या मनात शब्द आले, आणि ते मागण्याचे नव्हते.