सुतकातली तोंडी परीक्षा

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम. ए. व्हायला काय काय लागतं, हे मला मिरजगावात जितक्या लोकांनी विचारलं तितकं पुण्यात कुणी विचारलं नाही. पुण्यात सगळ्यांना ते ठाऊक असायचं, निदान ठाऊक असल्यासारखा चेहरा तरी असायचा. गावात मात्र टँकरपाशी हंडे लावून उभ्या असलेल्या बायका, पिठाच्या गिरणीवाला, पोस्टमन, जो तो विचारायचा आणि मीही न कंटाळता सांगायची. बी. ए.ला राज्यशास्त्र हवं, निदान दुसरा वर्ग हवा. मग दोन वर्षं वर्गात हजेरी भरायची, कायदा, इतिहास, परराष्ट्र धोरण असे पेपर द्यायचे, एक परकी भाषा वाचता येते हे दाखवायचं, छोटासा प्रबंध लिहायचा आणि सगळ्यात शेवटी बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांसमोर बसून तोंडी परीक्षा द्यायची. ती झाली की झालात एम. ए.

एवढं सगळं करून पुढं काय, हा प्रश्न ठरलेला. माझ्या आईनं त्याचं उत्तर तिच्या परीनं तयार ठेवलं होतं. ती सांगायची, दोन देशांची भांडणं झाली की ती मिटवायची कशी, ते शिकतीया आमची. त्यावर एकदा गिरणीवाल्याची बायको म्हणाली, मग आधी घरचं मिटव म्हणावं. आई हसली नाही. मी हसले, पण घरी येईपर्यंत ते मला टोचत राहिलं.

घरचं भांडण म्हणजे माझे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ यांचं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो, चुलत्यांना आबा आणि चुलतीला मोठी आई. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत. सामाईक विहिरीवर डिझेलचं इंजिन कुणाच्या बाजूला बसवायचं यावरून मी मराठी शाळेत असताना दोघांची जुंपली, आणि तेव्हापासून बोलणं बंद. येणंजाणं बंद, वाटीभर साखरेची देवघेव बंद. आम्हा पोरांनासुद्धा सक्त ताकीद, की त्या दारात पाय ठेवायचा नाही. त्याआधी आबा मला खांद्यावर बसवून बाजारात न्यायचे आणि गोडीशेव घेऊन द्यायचे. ती गोडीशेव बंद झाली याचा राग मला इंजिनापेक्षा जास्त होता.

पण अबोला म्हणजे अगदीच काही कळवायचं नाही असं नसतं हो. विहिरीवर पाण्याची पाळी बदलली की दादा ती बैलाला सांगायचे. "चल रे, उद्या आपली पाळी न्हाई," असं मोठ्यानं, म्हणजे पलीकडे आबांना ऐकू जावं. आबाही त्यांच्या बैलाला उत्तर द्यायचे. पुढं पुण्यात वर्गात शिकवलं, की दोन देशांनी संबंध तोडले तरी तिसऱ्या देशाच्या वकिलातीमार्फत निरोप चालू राहतात, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचा बैल आला आणि मला हसू आवरेना. सरांनी कारण विचारलं. बैलाला वकील केलं हे कुठल्या तोंडानं सांगणार?

मी पहिल्यांदा पुण्याला निघाले त्या दिवशी आबा एस. टी.च्या थांब्यावर उभे होते. दादा माझी ट्रंक टपावर चढवत होते. आबा माझ्याशी बोलले नाहीत, दादांकडं बघितलंही नाही. ते कंडक्टरला म्हणाले, "पोरगी पहिल्यांदाच लांब चाललीय, नीट उतरवा." बस. एवढं बोलून धोतराचा सोगा सावरत चालू लागले. गाडी नगरला पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही.

दोन वर्षं सरली. शेवटच्या वर्षी दुष्काळ पडला, विहिरीचा तळ दिसला, इंजिनावर पोतं टाकून ठेवलं. भांडायला पाणी उरलं नव्हतं, पण अबोला होता तसाच होता. अर्धं गाव खडी फोडायला जात होतं आणि घरोघरी परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. मी पेपर देऊन, प्रबंध दाखल करून घरी आले होते. उरली होती ती फक्त तोंडी परीक्षा. परीक्षक लांबून यायचे, एकच दिवस थांबायचे. तो दिवस हुकला की थेट पुढच्या वर्षी. आणि पुढचं वर्ष माझ्याकडं नव्हतं. कर्जतकडचं एक स्थळ माझ्या परीक्षेसाठी थांबलं होतं. थांबतो म्हणाले ते एवढ्या उन्हाळ्यापुरतं, आणि दादांनी त्यांना शब्द दिला होता. त्यांच्या घरी सुनेनं पदवी घ्यायला पुन्हा पुण्याला जाणं बसत नव्हतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. दोन वर्षांचा सगळा खटाटोप त्या एका दिवसावर टांगला होता.

आणि नेमके आबा गेले.

भर दुपारी अंगणात पाणी पिता पिता खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. मोठ्या आईचा आवाज भिंतीपलीकडून आला. दादा जेवत होते. हातातली भाकरी ताटात पडली आणि ते अनवाणी धावले. त्या उंबऱ्याच्या आत इतक्या वर्षांत न गेलेला माणूस, पण वाट चुकले नाहीत. आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. आबांच्या मुलानं अग्नी दिला. दादांनी खांदा दिला तो वाटेत कुणालाही बदलू दिला नाही.

मग सुतक लागलं. सख्खा भाऊ, म्हणजे आमच्या घराला पूर्ण दहा दिवस. चुलीवर फोडणी नाही, डोक्याला तेल नाही, कुणाला शिवायचं नाही, कुणाच्या दारात जायचं नाही, गाव सोडायचं नाही. सोयरे पिठलं-भाकरी आणून द्यायचे ते दारातूनच. आणि माझी तोंडी परीक्षा दहाव्याच्या आत पडत होती.

मी आईजवळ बोलले, आईनं दादांच्या कानावर घातलं. दादा रागावले नाहीत, तेच वाईट झालं. रागावले असते तर मी भांडले असते. ते भिंतीला टेकून बसले होते, दाढीचे खुंट वाढलेले. म्हणाले, "तू आज गेलीस तर गाव म्हनंल, भाऊ मेला तरी ह्येचं वैर सुटलं न्हाई. सुतकसुदिक पाळलं न्हाई." आणि मग हळूच म्हणाले, की जित्या भावाशी बोलायचं राहून गेलं, निदान मेलेल्याचं सुतक तरी नीट पाळू द्या.

मला दादांची कीव येत होती आणि तेवढाच संताप. आबांचासुद्धा राग आला. मरायला एवढा उन्हाळा पडला होता, आठ दिवस थांबले असते तर काय बिघडत होतं, असं मी आईला म्हणाले आणि हमसून हमसून रडले. पण ते रडणं आबांसाठी नव्हतं, पुण्यासाठी होतं. आई नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. मधली भिंत पांढऱ्या मातीची, आमच्याकडं कुणी खोकलं तरी तिकडं ऐकू जायचं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परत आली आणि आबांच्या अंगणात सगळी भावकी बसली. आम्हीही होतो, बायका एकीकडं, बाप्ये एकीकडं. बोलता बोलता माझ्या परीक्षेचा विषय निघालाच. गावात काही लपत नाही. भावकीतले सगळ्यात वडीलधारे म्हातारे होते, त्यांनी निवाडा दिला, की शास्त्र ते शास्त्र, त्यात परीक्षाबिरीक्षा बसत नाही. वर आणखी म्हणाले, पोरीचं लगीन झालं असतं तर ती दुसऱ्या घरची, नुसत्या आंघोळीवर सुटली असती, म्हणून पोरी वेळेवर उजवाव्यात. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. म्हणजे लग्न झालं तर सुतक नाही पण परीक्षाही नाही, आणि लग्न नाही म्हणून परीक्षा आहे तर सुतक आडवं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आईनं माझं मनगट घट्ट दाबून धरलं होतं, म्हणून मी गप्प राहिले.

तेवढ्यात मोठी आई आतल्या खोलीतून उठून दारात आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. तीन दिवसांत तिनं कुणाशी चकार शब्द काढला नव्हता. चौकट धरून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिला कशाचं सुतक? इतकी वरसं ह्ये घर आन् त्ये घर येक न्हवतं. आजच कुटनं भावकी आली? ती आमची कुनी न्हाई. तिला कुटं जायचं तिकडं जाऊ द्या."

माझ्या कानात आधी फक्त ते 'कुनी न्हाई' शिरलं. मग तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. रागाची नजर असते, तशी ती नव्हती. भिंतीपलीकडून तिनं माझं सगळं रडणं ऐकलं होतं, हे मला त्या क्षणी समजलं. सुतक ज्या घरचं, त्या घरच्या बाईनंच नातं नाही म्हटल्यावर म्हाताऱ्यांचं शास्त्र जागच्या जागी अडलं.

पण दादा उठले होते. भर सभेत कुणी तोंडात मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. ते दोन पावलं पुढं गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बैलाला नाही, कंडक्टरला नाही, सरळ तिला म्हणाले, "वहिनी, पोरगी तुमची कुनी नसंल. पर मला सुतक हाय. त्येवढं काडून घेऊ नका."

मोठ्या आईनं पदर तोंडात कोंबला आणि ती आत वळली. आतून तिचं रडणं ऐकू आलं. भावकीतल्या बायकाही मग रडायला लागल्या. दादा परत जागेवर जाऊन बसले आणि मला म्हणाले, की जा, तयारीला लाग.

सुतकाच्या घरातून निघताना शिदोरी बांधून द्यायची नसते. आई दारात नुसती उभी राहिली. पलीकडच्या आळीतल्या मुसलमान चाचींनी दोन भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून आणून माझ्या हातावर ठेवली. त्यांना कुणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही. थांब्यावर दादा लांब उभे राहिले, कुणाला शिवायला नको म्हणून. ट्रंक मीच चढवली.

परीक्षेत तीन परीक्षक होते. सुरुवातीला प्रबंधावर विचारलं, ते मी धडाधडा सांगितलं. मग बाहेरून आलेले वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, की एका देशानं दुसऱ्याशी राजनैतिक संबंध तोडले, तर त्या दुसऱ्या देशाची मान्यताही जाते का, म्हणजे तो देशच नव्हे असं होतं का? मी नाही म्हटलं. का नाही, असं त्यांनी विचारलं. घरचं उत्तर माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर चालतं, म्हणून पुस्तकातलं दिलं. त्यांनी मान डोलावली आणि बाहेर जायला सांगितलं. निकाल रीतसर नंतर लागायचा होता, पण आमच्या सरांनी व्हरांड्यात येऊन पाठ थोपटली आणि काळजी करू नकोस म्हणाले. मला आनंद झाला. झाला, का खोटं बोलू? खोलीवर येऊन मी दार लावून एकटीच हसत बसले.

घरी पोचले ती दहाव्याच्या दिवशी, ऊन चढल्यावर. दहावा उरकून माणसं आपापल्या घरी गेली होती. ओट्यावर दादा बसले होते. डोईवर केस नाहीत, मिशा उतरवलेल्या, त्यामुळं क्षणभर ओळखू आले नाहीत. पण बसले होते ते आबांच्या ओट्यावर, आमच्या नाही. मी ट्रंक खाली ठेवून तिथंच घुटमळले. मी त्या घरची कुणी नव्हते, तसं जाहीर झालं होतं, मग त्या पायऱ्या चढायच्या की नाही?

मोठी आई दारात आली. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"झाली का तुजी परीक्षा?"

"झाली."

"पास करत्याल?"

"करतील म्हणाले."

ती पायऱ्या उतरून खाली आली आणि तिनं माझा हात धरला.

"मग रड आता," ती म्हणाली. "चुलता गेलाय तुजा."