ठकीची दोन बोटं

माझी नात लोकांचं रक्त काढते. असं सांगितलं की माणसं दचकतात, म्हणून पुढचं लगेच सांगून टाकते: तपासणीच्या लॅबमध्ये काढते, सुईनं, आणि रीतसर पावतीही मिळते. लहानपणी जिथं बसवावी तिथंच लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून मी तिला ठकी म्हणते. आता मोठी झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

तिच्यापुढे भले भले बाप्ये डोळे मिटून बसतात. ती दंडाला रबरी पट्टा आवळते, "मूठ वळा" म्हणते, आणि कोपराच्या खोबणीत दोन बोटांनी टपटप करते. शीर फुगून वर येते. समोरचा रडो, ओरडो, दाराशी रांग कुरकुरत असो, तिची बोटं आपली टपटप करत राहतात. मला वाटतं, ती टपटप शिरेसाठी थोडी आणि तिच्या स्वतःच्या डोक्यासाठी जास्त. घरातही काही बिनसलं की टेबलावर दोन बोटं चालू. तिची आई, म्हणजे माझी सून, म्हणते, "बघा आई, मशीन सुरू झालं."

लॅबच्या वरच्या मजल्यावर तालीम आहे. दिवसभर छत दणदणायचं आणि रक्ताच्या नळ्या स्टँडमध्ये थरथरायच्या. एके दिवशी ठकी वैतागून "जरा हळू घ्या" असं सांगायला वर गेली, ती नाव घालूनच खाली आली. तो खेळ म्हणजे बुक्की, लाथ, कुस्ती असं सगळं एकाच ताटात वाढलेलं. बोटं उघडी राहतील असे हातमोजे घालून दोघींना जाळीच्या पिंजऱ्यात सोडतात आणि बाहेरून दार लावून घेतात. तिथले मास्तर बुटके, मान जणू द्यायची राहूनच गेलेली.

"पोरीचं डोकं थंड आहे," ते मला म्हणाले. "ताकद मी कुणालाही देतो, आजी. थंड डोकं मला देता येत नाही."

"मग गरम झालं तर परत घ्याल का?" मी विचारलं. ते हसले नाहीत. मास्तरांचं हसणं बहुतेक मानेबरोबरच राहिलं असावं.

या खेळाचा एक नियम आहे. पकडीत सापडलात आणि सहन होईना, की समोरच्याच्या अंगावर नाहीतर जमिनीवर हातानं थोपटायचं. थोपटलं की हार. पंच लगेच सोडवतो, म्हणून तर हाडं शाबूत राहतात.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्यापैकी कुणाच्या म्हणून आलं नव्हतं.

ठकीची पहिली मोठी लढत एका उंच पोरीशी होती. पाय इतके लांब, की आम्ही तिला शिडीच म्हणायला लागलो. शिडीनं मागून ठकीचा गळा आवळला. ठकी घाबरली नाही. कठीण रोगी आला की करते तेच तिनं केलं. शांत झाली, आणि शिडीच्या हातावर तिची दोन बोटं टपटप करायला लागली. पंचानं झडप घालून दोघींना सोडवलं. शिडीचा हात वर गेला आणि आमची ठकी जमिनीवर बसून विचारत राहिली, "काय झालं? का थांबवलं?"

"मी लढत सोडली नव्हती, मास्तर," आम्हाला घरी पोचवायला आलेल्या मास्तरांना ती वाटभर म्हणत होती.

"मग कुणी सोडली?"

"हातानं."

"हात कुणाचा?"

तिनं दोन बोटं मुठीत दडवली. मास्तर म्हणाले, "शिडीबरोबर अजून एकदा उतरवतो. पण परत हात आपल्या मनानं चालला, तर तू माझ्याकडे बंद. अंग ताब्यात नसलेल्या माणसाला मी आत पाठवत नाही."

तेव्हापासून घराचं रूपच पालटलं. ठकी जेवताना डाव्या हाताची मूठ वळून बसायची. लॅबमध्ये टपटप बंद, नुसतं दाबून शीर शोधायची. एक म्हातारे रोगी म्हणाले, "बाई, आज दार न वाजवताच आत आलात." वर तालमीत मास्तर मागून गळा धरायचे आणि तिनं मूठ वळून नाकानं सावकाश श्वास सोडायचा. मला खुर्ची टाकून समोर बसवलेलं. काम एकच, बोटांवर डोळा ठेवायचा.

"हलली का, आजी?"

"बहुतेक नाही."

त्या 'बहुतेक'वर तिचा चेहरा उतरायचा. पण मी खोटं कशाला बोलू? दमली की हलायची.

लढत रविवारी दुपारी होती. हॉलमध्ये घामाचा आणि मलमाचा वास. सूनबाईनं माझं मनगट धरून डोळे मिटले. "काय चाललंय ते तुम्ही सांगा," म्हणाली. पहिल्या फेरीत सांगण्यासारखं फार नव्हतं. दोघी एकमेकींना जोखत होत्या. ठकीच्या भुवईवर एक बुक्की बसली, ते मी गाळलं.

दुसऱ्या फेरीत शिडी पाठीवर चढली. तेच पाय कमरेला, तोच हात हनुवटीखाली.

"आई, बोला ना."

ठकीचा एक हात शिडीच्या मनगटावर होता. दुसरा हवेत उचलला गेला आणि मला दिसलं, दोन बोटं पुढे झाली होती, एकमेकींना चिकटून, अगदी लॅबमध्ये होतात तशी. पंच वाकून तिच्या हाताकडेच बघत होता. मास्तरांनी पिंजऱ्याची जाळी घट्ट धरली होती.

बोटं तिथंच अडली. मग दुमडली. अंगठा वर आला आणि मूठ मिटली. तोंड लालभडक, पण पोट सावकाश वरखाली होत होतं. त्याच हातानं तिनं शिडीचं कोपर पकडलं, ते तसूतसूनं खाली ओढलं, आणि घंटा वाजेपर्यंत हनुवटी आत घुसवून तग धरला.

"सुटली," मी म्हटलं. सूनबाईनं डोळे उघडले. नेमके नको तेव्हा.

तिसऱ्या फेरीत ठकी वरचढ होती. शिडी खाली, ठकी वर, लोक ओरडताहेत. एवढ्यात शिडीनं खालूनच ते लांब पाय फिरवले आणि ठकीचा उजवा हात मांड्यांमध्ये धरून सरळ ताणला. कोपर उलट्या बाजूला वाकायला लागलं. ठकीनं अंग वळवून पाहिलं, गुडघा टेकून पाहिलं. हात निघेना.

मग ती थांबली. मान वळवून तिनं पंचाच्या डोळ्यांत पाहिलं आणि डाव्या हाताचा सगळा पंजा पसरून शिडीच्या पोटरीवर थोपटलं. सावकाश, सगळ्यांना दिसेल असं.

लढत संपली. सूनबाई रडायला लागली. मी मास्तरांकडे बघत होते. ते आत गेले, ठकीसमोर उकिडवे बसले आणि तिचे हातमोजे सोडायला लागले. मी जाळीपर्यंत जाऊन उभी राहिले.

"आता थोपटलं ते कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी."

"का?"

"अजून जरा ताणलं असतं तर कोपर गेलं असतं. उद्या सकाळी लोक उपाशीपोटी येऊन बसणार आहेत, मास्तर. डाव्या हातानं भोसकू का त्यांना?"

मास्तरांनी दुसरा मोजा काढला, तिची बोटं एकेक करून वाकवून पाहिली.

"परवा लवकर ये," ते म्हणाले. "पायांच्या पकडीतून हात काढायचं तुला काडीचंही येत नाही. लाज आणलीस."

इतकं गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या उपाशीपोटी रांगेत मीही होते. साखर तपासायची होती. ठकीच्या भुवईवर पट्टी, कोपराला क्रेप बँडेज. तिनं माझ्या दंडाला पट्टा आवळला, माझ्याकडे पाहिलं आणि कोपराच्या खोबणीत दोन बोटांनी टपटप केलं.

"थोपटलं की हार ना? मग आता कोण हरलं गं?" मी विचारलं.

"तू," ती म्हणाली. "मूठ वळ आणि गप्प बस."