डोंबिवलीच्या सेंट्रिफ्यूजला लागलेली हळद

बरेच महिने या ब्लॉगवर काहीच आलं नाही. जुन्या वाचकांना माहीत आहे, किल्ले आणि घाटवाटा आम्ही दोघं चालायचो, विवेक फोटो काढायचा आणि मी लिहायचे. गेल्या वर्षी विवेक गेला. त्यानंतर आता पहिल्यांदाच एकटीने प्रवास केला, तोही डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एक मशीन बघायला. हे कसलं प्रवासवर्णन, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मला सध्या एवढंच जमलं.

विवेक आयुर्वेदिक वैद्य होता. ओतूरला आमचा औषधांचा छोटा कारखाना आहे आणि तिथे विजयेचं तेल बनतं. विजया म्हणजे भांगेचा पाला, औषधासाठी रीतसर परवान्यावर मिळतो. आम्ही तो साध्याच स्पिरिटमध्ये भिजवायचो, म्हणून तेल हिरवंगार आणि कडूजहर व्हायचं. विवेकच्या डोक्यात थंड इथेनॉलची पद्धत भरली होती. स्पिरिट खूप गार केलं की ते पाल्यातलं हवं ते उचलतं आणि हिरवा रंग, मेण बरंचसं मागे सोडतं. मग तो ओला पाला सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरा फिरवून स्पिरिट काढून घ्यायचं, वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये कपडे पिळतात तसं. डोंबिवलीच्या पाटकरांकडे त्याने मशीन बनवायला टाकलं आणि ते तयार व्हायच्या आत तो गेला.

आमची मुलगी सई पुण्यात असते. कारखाना बंद कर आणि माझ्याकडे ये, असं तिचं म्हणणं. शेवटी आमचं ठरलं की मशीनची ट्रायल नीट झाली तर मी ओतूरला राहून काम चालवायचं, नाही झाली तर कुलूप लावून पुणे. मला पुण्याला जायचं नव्हतं. पण ओतूरच्या घरात एकटीने संध्याकाळ काढणंही जमत नव्हतं, हे सईला सांगितलं नव्हतं.

ओतूरहून सकाळच्या एसटीने निघाले. माळशेज घाटात आम्ही नेहमी बोगद्यानंतर उतरून चहा घ्यायचो. या वेळी गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतच बसून राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, एकट्याच का, आणि माझ्या तोंडून निघालं की मिस्टर कल्याणला घ्यायला येणार आहेत. का असं म्हणाले, माहीत नाही. मुरबाडपासून पुढे रस्त्याची कामं चालू आहेत, तेव्हा हाताशी जास्तीचा वेळ ठेवून निघा आणि पाणी सोबत घ्या.

कल्याणला उतरून डोंबिवली जवळच, पण मी मुक्कामाला ठाण्याला गेले. नकाशा बघणारा हसेल. विवेक परवान्याच्या कामाला यायचा तेव्हा कोपरीत एका लॉजवर उतरायचा, मला तिथेच राहायचं होतं. काउंटरवरच्या गृहस्थांनी आधार कार्ड पाहिलं, आडनाव वाचलं आणि वैद्यसाहेब खाली गाडी लावतायत का, असं सहज विचारलं. विवेक गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि रस्त्याकडची नको, मागची शांत खोली दिली. खोली स्वच्छ होती, भाडं परवडणारं. संध्याकाळी पूल ओलांडून तलावपाळीला गेले. कठड्यावर सगळे जोडीजोडीने बसलेले, मी भेळ घेतली आणि उभ्यानेच संपवली. सकाळी मात्र कोपरीत दाल-पकवान जरूर खा. एका माणसाला एक प्लेट जड जाते, अर्धी मिळत नाही.

डोंबिवली पूर्वेहून शेअर रिक्षा थेट एमआयडीसीत सोडते. तिथे पहिला येतो तो वास, प्रत्येक गल्लीचा वेगळा. पाटकरांची शेड एका रंगाच्या कंपनीच्या मागे आहे. पाटकर चाळिशीचे, घाईत बोलणारे. 'मॅडम, एक प्रॉब्लेम आहे,' म्हणून त्यांनी सुरुवात केली, पण तो प्रॉब्लेम मला ठाऊक होता. परवाना आमच्या कारखान्याच्या चार भिंतींपुरता, त्यामुळे विजयेचं एक पानही इथे आणता येत नाही. अशा ट्रायलला इकडचे लोक दुसराच कुठला तरी पाला वापरतात. मी वाळवलेला शेवगा पिशवी भरून नेला होता. शेवगा चांगलाच हिरवा रंग सोडतो, तेव्हा त्याच्यातून रंग उतरला नाही तर विजयेतूनही फार उतरणार नाही, हे विवेकचं गणित.

नवं मशीन पूजा झाल्याशिवाय फिरवायचं नाही, अशी त्या शेडची पद्धत आहे. पूजा पाटकरांच्या आई करतात, त्यांना तिथे सगळे काकू म्हणतात. स्पिरिटच्या शेडमध्ये ज्योत चालत नाही. म्हणून काकूंनी निरांजनात फुलवात ठेवली, तूप घातलं, आणि न पेटवताच ओवाळलं. उदबत्तीही तशीच, नुसती खोचलेली. मला ते इतकं आवडलं की विवेकला सांगायला मी मान वळवली. शेजारी गॅसचा सिलिंडर होता.

मग काकूंनी हळदीचा लेप घेतला आणि झाकण उघडून मशीनच्या आतल्या जाळीच्या बास्केटला पाच बोटं ओढली. वर कुंकू. मशीनच्या पोटाला हळद लागली पाहिजे, असं काहीतरी पुटपुटल्या. त्यानंतर त्या बायकांकडे वळल्या. हिशेब बघणारी मुलगी, पॅकिंगच्या दोघी, सगळ्यांना हळदकुंकू लावत आल्या. करंडा माझ्यापाशी आला आणि पुढे गेला. मी साडीच्या निऱ्या नीट केल्या. मला वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण नुसतं वाईटच वाटलं. आणि नजर त्या हळदीवरून हलेना.

पाला पिशवीत भरला, गार स्पिरिटमध्ये भिजवला, पिशवी बास्केटमध्ये ठेवून झाकण लावलं. मशीन आवाज चढवत फिरलं, थांबलं. नळीतून काचेच्या ग्लासात जे आलं ते सोनेरी होतं. स्वच्छ, मधासारखं सोनेरी. हिरव्याचा मागमूस नाही. पाटकरांनी ग्लास उजेडात धरला, सगळ्यांचे चेहरे खुलले, हिशेबवाल्या मुलीने फोटो काढला. पाटकर म्हणाले की साहेब असते तर नाचले असते. माझेही डोळे भरले. ओतूरला राहायचं, हे त्या ग्लासात दिसत होतं.

पण तो रंग मी ओळखत होते. फडक्यावरून महिनोन् महिने न जाणारा, स्वयंपाकघरातला रंग.

मी गप्प बसू शकले असते. मशीन आलं असतं, सईशी ठरलेलंही पाळलं गेलं असतं. आणि पुढे कधीतरी हिरवं तेल निघालं असतं, विवेकच्या नावाच्या बाटल्यांमध्ये. मी तिथल्या वेल्डरकडे चुना मागितला. त्याने जरा ओशाळून तंबाखूची डबी पुढे केली. नखभर चुना पाण्यात कालवून मी ग्लासात सोडला आणि ढवळला. सोनेरी पाणी बघता बघता लाल झालं. कुंकवाचा रंग. हळदीला चुना लागला की लाल होते, पूर्वी कुंकू असंच करायचे, हे मला तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पाटकरांनी ग्लासाकडे पाहिलं, मग आईकडे. काकू खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी नजर खाली घेतली.

बास्केट घासूनपुसून, स्पिरिटने धुऊन पुन्हा ट्रायल घेतली. या वेळी पाणी हिरवं आलं. बाहेर गार केलेलं स्पिरिट मशीनच्या आत तापत होतं. पहिल्या ग्लासातही हा हिरवा असणार, हळदीच्या गडद पिवळ्याखाली तो दिसला नव्हता. पाटकर मोकळेपणाने म्हणाले की चूक आमची आहे, बास्केटभोवती गारवा धरणारं कवच द्यायला हवं होतं, उद्यापर्यंत करतो. मी कोपरीला परतले आणि सईला फोन न करता झोपले.

दुसऱ्या दिवशी कवच बसलं. या वेळी पूजा नव्हती. पाणी आलं ते जेमतेम पिवळसर, ताकाच्या निवळीसारखं. मी चुना घातला. रंग बदलला नाही. कुणी फोटो काढला नाही, कारण फोटो काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी पसंतीची सही केली.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा होता. म्हणाल्या, 'मी मुद्दाम नाही हो केलं. हात आपोआप पुढे गेला.'

'माहितीय काकू,' मी म्हटलं. 'करंडा आला तेव्हा मीही मान मागे घेतली होती.'

त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि काही वेळ माझा हात सोडला नाही.

परतीच्या एसटीत शेजारी कुणी नव्हतं. माळशेजला मी उतरले आणि एक चहा घेतला. बरा होता. ज्यांना कधी असं मशीन घ्यायचं असेल त्यांनी ट्रायलला स्वतः जावं, पाला घरून न्यावा, आणि दिसलेल्या रंगावर लगेच खूश होऊ नये.

मशीन परवा ओतूरला आलं. टेम्पोवाल्यांनी उतरवलं, जागेवर बसवलं आणि गेले. सईला कळवलं, ती बरं म्हणाली, थोडी नाराज होती. शेडमध्ये मी एकटीच. देवघरातून करंडा आणला, विवेक गेल्यापासून तो उघडलाच नव्हता. फुलवात ठेवली, तूप घातलं, पेटवली नाही. मग हळद भिजवली आणि मशीनला पाच बोटं ओढली. बाहेरून, खाली लोखंडी पायावर, जिथे स्पिरिट पोचत नाही. त्यावर कुंकू लावलं. बोटावर थोडं उरलं होतं. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. ते मी माझ्या कपाळाला लावलं आणि मशीन सुरू केलं.