कैचीवालीने कापलेली मागणी

अन्याय झाला तो फुलचूरच्या बिडी वळणाऱ्या बायांवर. महायुद्ध संपल्याच्या पुढच्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी त्या कामावर गेल्या, तर कारखान्याला कुलूप. "माल उठत नाही," एवढंच मुनीम म्हणाला.

या बायांची पुढारीण म्हणजे आमची कैचीवाली. तेंदूपानं कापायची कैची तिच्या कमरेला कायम खोचलेली. पान कापावं तसं ती दुसऱ्याचं बोलणंही कापायची. कुणी रडगाणं लांबवलं की म्हणायची, "किनारी काट, मधातलं सांग."

सरकारला पाठवायचा अर्ज मी लिहिला आणि तिच्या ओसरीवर वाचून दाखवला : 'कारखाना उघडेपर्यंत आमच्या हाताला झेपेल असं काम द्या, नाहीतर घरी दाणा द्या.'

"येवढा लंबा कायले लिवून राहिला, बाबू? सायेब अर्ध्यातच झोपन. 'काम द्या' लिव. भीक मांगून राहिलो का आपन?"

बाया हसल्या. मलाही ते दोन शब्द घोषणेला बरे वाटले. अर्जात तेवढेच ठेवले.

सरकारने काम दिलं. कामठ्याच्या रस्त्यावर खडी फोडायची. फोडेल तिला मजुरी, नाही फोडली तर उपाशी राहा. बिडीला सुताचा फेर देणाऱ्या हातांत हातोडा आला, आणि कैचीवालीच्या शेजारच्या शेवंताच्या डाव्या हाताचं बोट चेचलं. उन्हाळ्यात कारखाना उघडला. शेवंताच्या सैल बिड्या मुनीमाने फेकल्या, मग तिलाच घरी पाठवलं.

मी संतापून म्हणालो, "मावशी, दोष सरकारचा आहे. ही कसली मदत? आधी हात मोडा, मग घास द्या!"

"बोट सरकारनं मोडलं," ती म्हणाली. "पन अर्ज मीच काटला ना."

त्यानंतर तिने कुणाचं बोलणं कापलं नाही. रोज संध्याकाळी आपल्यातला अर्धा भात घेऊन शेवंताकडे जायची, तिचं सगळं रडगाणं ऐकून घ्यायची. एकदा शेवंता माझ्यादेखत फटकन बोलली, "आता कायले आयकून राहिली वो? तवा आयकाचं होतं." दुसऱ्या दिवशी कैचीवाली भात घेऊन पुन्हा हजर.

परवा लेक तिला अर्जुनी मोरगावला घेऊन गेली. गाडी हलली तेव्हा मावशी खिडकीतून म्हणाली, "बाबू, या बारीले पूरा लिवजो. अन् शेवंताले भात."

अर्ज पूर्ण लिहिला आहे : 'शेवंताच्या हाताला झेपेल असं काम द्या, नाहीतर घरी दाणा द्या.' रविवारी फुलचूरच्या चौकात अर्ज घेऊन बसतो. या, शेवटपर्यंत ऐका, अंगठा लावा. आणि लांब झाला असं म्हणू नका.